पितळी वाद्यांखाली एक फ्लूट

इमारतीत त्यांना हेडफोनबाई म्हणतात. स्टुडिओतून घरी येताना त्या गळ्यातला हेडफोन काढायला विसरतात आणि वायरचं टोक पर्समध्ये खुपसून तशाच जिना चढतात, म्हणून. वय चौपन्न. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. एका खोलीत बाई, दुसरीत त्यांचे मामा. मामा त्र्याऐंशी वर्षांचे, उभा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेला. कानाला यंत्र आहे, पण ते कानापेक्षा टेबलावरच्या बशीतच जास्त असतं. "तू संगीत करतेस आणि मला ऐकू येत नाही, म्हणून आपलं जमतं," असं ते आल्यागेल्यासमोर बाईंना ऐकवतात.

वीस वर्षांपूर्वी बाईंचं दुसरं घर होतं. त्यात नवरा होता. भांडण झालं नाही. एके दिवशी जेवताना तो म्हणाला, "तुझ्या कानात सतत काहीतरी चालू असतं. मी बोललो की तुला अडथळा होतो." बाईंनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "हो, होतो." पुढचं सगळं कागदोपत्री झालं.

बाई संगीत रचतात. पोटासाठी रचतात ते पार्श्वसंगीत: माहितीपट, मालिका, औषधांच्या जाहिराती, एखाद्या कारखान्याला पन्नास वर्षं झाल्याची फिल्म. स्टुडिओ नळ आणि बेसिनच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर आहे. सात खोल्या, त्यातली चौथी बाईंची. खिडकी नाही. भिंतींना राखाडी फोम, त्याचा एक कोपरा सुटलेला आणि चिकटपट्टीने परत बसवलेला. टेबलावर दोन मोठे पडदे आणि पियानोसारखा लांब कीबोर्ड. या कीबोर्डला स्वतःचा आवाज नाही. पट्टी दाबली की संगणकात साठवलेला स्वर वाजतो.

हे साठवलेले स्वर खऱ्या माणसांचे असतात. कुठल्यातरी सभागृहात वादकांना बसवून त्यांच्याकडून एकेक स्वर वाजवून घेतलेला असतो. आधी अगदी हळू, मग मध्यम, मग जोरात. लांब, तोकडा, कापरा. चेलोवाल्याने दिवसभर एकेकटे स्वर वाजवायचे, प्रत्येकाआधी आणि नंतर शांतता ठेवायची, खुर्ची वाजू द्यायची नाही. तो घरी जातो. त्याचे स्वर जगभरातल्या बिनखिडकीच्या खोल्यांमध्ये जातात. बाईंच्या संगणकात अशी शंभराहून अधिक माणसं आहेत. त्यांच्यापैकी एकाचाही चेहरा त्यांनी पाहिलेला नाही.

स्वर खरे असले तरी ते ओळीने लावले की खोटे वाटतात, आणि बाईंचं निम्मं काम इथे असतं. सोळा व्हायोलिनं एकाच क्षणी सुरू झाली तर ऐकणाऱ्याला यंत्राचा वास येतो. म्हणून प्रत्येक स्वर माउसने केसभर पुढे-मागे सरकवायचा. माणसं चुकतात तितकंच चुकवायचं. सगळ्यांत खाली, डबल बासच्याही खाली, सिंथेसायझरचा एक जाड स्वर अंथरायचा. तो कुणाला ऐकू येत नाही, पण काढला की दिग्दर्शक म्हणतो, "काहीतरी गेलं यातलं."

दिग्दर्शक बहुधा दोनच गोष्टी मागतात. मोठं किंवा हळवं. मोठं म्हणजे ट्रम्पेट. जंगलाच्या फिल्ममध्ये हत्ती आला, धरणाचा दरवाजा उघडला, कारखान्याच्या मालकाने फीत कापली, की ट्रम्पेट. स्टुडिओत याला 'हत्ती' असंच म्हणतात. "बाई, इथे एक हत्ती टाका," असं ध्वनिमुद्रक सहज सांगतो, पडद्यावर शिलाई मशीन असलं तरी. हळवं म्हणजे बाकी सगळं बंद आणि एकटा फ्लूट. त्याला स्टुडिओत 'गोळी' म्हणतात, कारण तो पहिल्यांदा गुडघेदुखीच्या गोळीच्या जाहिरातीत वापरला गेला. बाईंनी आजवर शेकड्यांनी हत्ती आणि तितक्याच गोळ्या लिहिल्या असतील.

बाई अठ्ठावीसच्या असताना या स्टुडिओत मदतनीस म्हणून लागल्या तेव्हा तिथे खरे वादक येत. मोठ्या खोलीत बावीस जण दाटीवाटीने बसत. साठवलेल्या स्वरांचा पहिला संच आला तो तबकड्यांच्या डब्यातून, आणि वयाने सगळ्यांत लहान म्हणून तो शिकायचं काम बाईंकडे आलं. त्या लवकर शिकल्या. तीन वर्षांत वादकांना फोन जाणं बंद झालं. मोठ्या खोलीत आता जुनी कपाटं आहेत.

हे झालं पोटाचं. नऊ वर्षांपूर्वी बाईंनी रविवारी सकाळी स्टुडिओची किल्ली मागून घ्यायला सुरुवात केली. आठ ते एक. त्या वेळात त्या स्वतःची एक रचना लिहीत होत्या. फिल्म नाही, दिग्दर्शक नाही, नुसता वाद्यवृंद. अठरा मिनिटं, तीन भाग. पहिले दोन भाग तिसऱ्याकडे जाण्यासाठी आहेत, आणि तिसरा भाग त्यातल्या अडतीस सेकंदांसाठी. त्या अडतीस सेकंदांत सगळी पितळी वाद्यं, म्हणजे हॉर्न, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, ट्युबा, अकराच्या अकरा, पूर्ण जोरात वाजतात. आणि त्या गदारोळाच्या आत एकच फ्लूट, आपल्या सगळ्यांत खालच्या, श्वास मिसळलेल्या सुरांत एक धून वाजवत राहतो. तो गदारोळाशी भांडत नाही, त्याच्या वर चढत नाही. आपलं आपण बोलतो. आणि तरी त्याचा प्रत्येक स्वर स्पष्ट ऐकू येतो.

हे बाईंनी कुणाला समजावून सांगितलं नव्हतं. कुणी विचारलं नव्हतं.

गेल्या वर्षी शहराच्या वाद्यवृंदाने जाहीर केलं की बाहेरच्या रचनाकारांच्या तीन नव्या रचना वाचून पाहिल्या जातील. वाचन म्हणजे बासष्ट वादक पुढ्यात कागद ठेवून ती रचना पहिल्यांदाच वाजवतात. सभागृह रिकामं असतं, वेळ मोजका असतो, आणि वाचनानंतर तिघांतली एक रचना वसंतातल्या मैफलीत सातशे श्रोत्यांपुढे होते. एकेचाळीस जणांनी रचना पाठवल्या. कागदासोबत संगणकावरचं ध्वनिमुद्रणही मागितलं होतं. बाईंचं ध्वनिमुद्रण ऐकून वाद्यवृंदाच्या संचालकांनी स्वतः फोन केला. "तिसऱ्या भागात तो फ्लूट जो येतो ना," ते म्हणाले, "त्यासाठी घेतोय."

बाईंनी वादकांचे कागद तयार करायला अकरा आठवडे घेतले. यंत्रातून माणसांकडे जाताना काय काय बिघडतं हे त्यांना ठाऊक होतं, निदान त्यांची तशी समजूत होती. सिंथेसायझरचा थर काढून टाकला आणि ते वजन डबल बासमध्ये वाटून दिलं. साठवलेला हॉर्न जरा उशिरा उमलतो, म्हणून त्यांनी संगणकात प्रत्येक स्वर किंचित आधी सरकवून ठेवला होता. कागदावर ते सगळं विचित्र तुकड्यांत उतरलं. ते तुकडे बसून एकेक करून दुरुस्त केले. साठवलेल्या फ्लूटला दम लागत नाही, खऱ्याला लागतो. म्हणून फ्लूटची धून त्या स्वयंपाकघरात उभ्या राहून स्वतः गुणगुणल्या आणि जिथे आपला श्वास संपला तिथे कागदावर खूण केली. मामा दारातून पाहत होते.

"दम्याचं औषध संपलं का?" त्यांनी विचारलं.

"मला दमा नाहीये, मामा."

"मग अशी मासळीसारखी का करतेस?"

वाचन गुरुवारी सकाळी अकराला होतं. बाईंनी स्टुडिओमालकाकडे अर्ध्या दिवसाची सुट्टी मागितली.

"का हो, बरं नाही का?"

"बरी आहे. माझी रचना वाजवणार आहेत."

"अरे वा. कुठल्या फिल्मची?"

"फिल्मची नाही."

"मग कशासाठी केली?"

"ऐकायला."

मालकांनी मान डोलावली. "दोनपर्यंत या मात्र. वॉशिंग मशीनवाले यायचेत."

रचनाकाराला तीन पाहुणे आणायची परवानगी होती. तशी तीन कार्डं पाकिटातून आली होती. एक बाईंनी मामांपुढे ठेवलं. मामांनी भिंग लावून ते दोन्ही बाजूंनी वाचलं.

"किती माणसं वाजवणार म्हणालीस?"

"बासष्ट."

"आणि सगळी तू सांगशील तसंच करणार? इथे मी एकटा आहे तर तुला आवरत नाही."

"येताय का?"

"जिने किती आहेत?"

"सतरा पायऱ्या. मोजून आले मी."

"अगं, मला तिथे बसवून काय मिळणार तुला?" मामा म्हणाले. "मी तुझ्या तोंडाकडे बघत बसणार आणि तू चिडणार. जा तू. आल्यावर सांग."

उरलेली दोन कार्डं कुणाला द्यायची याचा बाईंनी दोन दिवस विचार केला. मग तिन्ही कार्डं पाकिटात परत घातली.

सभागृहाच्या खुर्च्यांवर पांढरी आच्छादनं होती. बाई नवव्या रांगेत बसल्या, कारण तिथून आवाज सगळ्यांत नीट ऐकू येतो असं त्यांनी वाचलं होतं. पुढ्यात रचनेची संपूर्ण प्रत, कानावर प्रथमच काही नाही. वादक डबे, पिशव्या, पाण्याच्या बाटल्या घेऊन आले. कुणीतरी कुणाच्या तरी गुडघ्याची चौकशी करत होतं. संचालक साठीचे, स्वेटर घातलेले, चष्मा दोरीने गळ्यात. त्यांनी नवव्या रांगेकडे पाहून हात उंचावला, आणि सुरू केलं.

पहिला भाग सात मिनिटांचा. बाईंना पहिल्यांदा जे जाणवलं ते संगीत नव्हतं. सोळा गज एकदम तारांवर टेकतात तेव्हा एक बारीकसा खर्रकन आवाज होतो. साठवलेल्या स्वरांमधून तो काढून टाकलेला असतो. मग पानं उलटल्याचा आवाज आला. मग व्हायोलिनं थोडी इकडे-तिकडे झाली आणि आपोआप परत एकत्र आली, कुणीही माउसने न सरकवता. बाईंनी पेन्सिल हातात धरली होती, पण त्यांनी काहीच लिहिलं नाही. दुसऱ्या भागात ओबोवाल्याने एक स्वर चुकवला आणि लगेच मान हलवून कबूलही केला. संचालकांनी दोन ठिकाणी थांबवून गती ठरवली. हॉर्नचे दुरुस्त केलेले कागद बिनचूक निघाले. सगळं ठीक चाललं होतं.

तिसरा भाग सुरू झाला. अडतीस सेकंदांची जागा आली. अकरा पितळी वाद्यं एकदम उठली आणि बाईंच्या खुर्चीचा हात थरथरला. संगणकात हे असं कधी झालं नव्हतं. त्या फ्लूटची वाट पाहू लागल्या.

फ्लूट आला नाही.

बाईंना वाटलं, फ्लूटवालीची जागा चुकली. पहिल्यांदाच वाचते आहे, होतं असं. त्यांनी प्रतीत बोट ठेवून पाहिलं, मग मान उंचावून व्यासपीठाकडे. फ्लूटवाली साधारण तिशीची, केस मागे घट्ट बांधलेले. फ्लूट ओठांशी होता. बोटं हलत होती. बाईंनी जिथे श्वासाची खूण केली होती तिथे तिने श्वास घेतला. ती धून वाजवत होती, अगदी लिहिल्याप्रमाणे, आणि नवव्या रांगेत तिचा एकही स्वर पोचत नव्हता.

संचालकांनी हात खाली केला. गदारोळ थांबला.

"फ्लूट, वाजवताय ना?"

"वाजवतेय की," ती म्हणाली. "याहून जोरात या सुरांत निघत नाही."

"पंधरा मिनिटं चहा," संचालक म्हणाले, आणि पायऱ्या उतरून नवव्या रांगेत आले. एक खुर्ची सोडून बसले.

"बाई, कागदावर बघितलं तेव्हाच मला शंका आली होती," ते म्हणाले. "पण रेकॉर्डिंगमध्ये इतकं स्वच्छ येत होतं की म्हटलं, बघू, काहीतरी केलं असेल यांनी. फ्लूटचा आवाज किती वाढवलेला होता तुम्ही?"

बाईंना ते आठवायला वेळ लागला. प्रत्येक वाद्याच्या आवाजासाठी पडद्यावर एक उभी पट्टी असते. फ्लूटची पट्टी त्यांनी पहिल्याच वर्षी कधीतरी वर सरकवली होती. पुढची आठ वर्षं ती तिथेच होती, आणि नेहमी तिथेच असल्यामुळे दिसत नव्हती. त्यांनी श्वास मोजले होते, स्वरांची उंची तपासली होती, पानं कुठे उलटतील तेही पाहिलं होतं. आवाज मोजायचं त्यांना सुचलं नव्हतं, कारण त्यांच्या खोलीत आवाज ही बोटाने सरकवायची गोष्ट होती.

"बराच वाढवला होता," त्या म्हणाल्या.

"हं. खरं म्हणजे हे फक्त डोक्यात वाजतं असं संगीत आहे."

"डोक्यात नाही. माझ्याकडे वाजतं."

"तुमच्याकडे. तेच." संचालकांनी चष्मा पुसला. "दोन मार्ग आहेत. धून ट्रम्पेटला द्या, तो सगळ्यांच्या वर निघेल. नाहीतर तेवढ्या वेळापुरती पितळी वाद्यं गप्प करा, मग फ्लूट मोकळा ऐकू येईल. दोन्ही चालेल. पेन्सिलने कागदांवर खुणा करायला दहा मिनिटं पुरतील. उरलेल्या वेळात एकदा वाजवून बघू."

"माइक लावता येईल फ्लूटला?"

"आमच्याकडे नाही लावत. आणि लावला तर मग तो तुमचाच संगणक झाला की. बासष्ट माणसं कशाला?" ते उठले. "स्पष्ट सांगतो. वेळ एकदाच वाजवण्यापुरता आहे. इथे जे वाजवून दाखवलं तेच मी समितीपुढे ठेवू शकतो. बाकीचे दोघे आहेत, पण माझ्या मते तुमची रचना उजवी आहे. बदल करा. सातशे लोक ऐकतील."

बाई प्रत घेऊन व्यासपीठावर गेल्या. वादक बाहेर पांगले होते. एक वयस्क ट्रम्पेटवाला तेवढा जागेवर बसून वाद्यातलं पाणी जमिनीवरच्या फडक्यावर काढत होता.

"बाई, तुम्ही त्या नळाच्या दुकानावरच्या स्टुडिओतल्या ना?"

"हो."

"मी यायचो तिथे. तुम्ही तेव्हा नव्या होता." त्याने फडक्याची घडी केली. "मग आमचे फोन बंद झाले. आज कागद बघितला, म्हटलं बाईंनी वीस वर्षांचं सगळं एकदम वाजवायला लावलंय."

"जास्त होतंय का?"

"आम्हाला कसलं जास्त. आम्ही मजेत आहोत. ती पोरगी बिचारी पुढे बसून हवा फुंकतेय."

बाईंनी ट्रम्पेटचा कागद घेतला. पेन्सिलने फ्लूटची धून त्यावर उतरवायला सुरुवात केली. चार मात्रा लिहून झाल्या आणि त्या थांबल्या. लिहिलेलं पाहिलं. तो हत्ती होता. मागच्याच महिन्यात त्यांनी असाच एक लिहिला होता, सिमेंटच्या गोदामासाठी. त्यांनी त्या चार मात्रा खोडून टाकल्या.

मग पितळी वाद्यांचे अकरा कागद गोळा केले आणि पहिल्यावर त्या अडतीस सेकंदांपुरती गप्प राहण्याची खूण केली. ती करताना त्यांना ते ऐकू आलं: सगळं थांबलंय आणि एकटा फ्लूट. ती गोळी होती. श्रोत्यांना आवडली असती. गुडघेदुखीवाल्यांनाही आवडली होती.

फ्लूटवाली चहाचा कप घेऊन आली. "ताई, काय करताय माझं? ठेवताय की काढताय?"

"तेच बघतेय."

"मला जोर कमी पडला असं समजू नका. खालच्या सुरांत फ्लूट एवढाच असतो. रेकॉर्डिंगवाले काय करतात, माइक इथे धरतात." तिने ओठांपासून वीतभर अंतरावर हात धरला. "तिथून कसलाही फ्लूट मोठाच वाटतो."

"तिथून ऐकू येईल? मागे हे सगळे वाजत असताना?"

"आता काय सांगू. तिथे कधी कोण उभं राहतं?"

बाईंनी पहिल्या कागदावरची खूण खोडली. अकरा कागद जसे होते तसे ज्याच्या त्याच्या स्टँडवर ठेवले. संचालक आणि वादक परत आले तेव्हा बाई व्यासपीठावरच, फ्लूटवालीच्या स्टँडशेजारी उभ्या होत्या.

"झाला बदल?"

"नाही. आहे तसंच वाजवा एकदा. मी इथे उभी राहते."

संचालकांनी घड्याळाकडे पाहिलं. "त्यातून काय निघणार?"

"ऐकायचंय."

"तुम्हाला ऐकू येईलही. मी सातशे माणसांना फ्लूटशेजारी कसं उभं करू?"

"नाही करता येणार."

"म्हणजे हे मैफलीत नाही घेता येणार. कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय."

"एवढ्या लांब येऊन, बाई." दुसऱ्या रांगेतल्या हॉर्नवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. "थोडं तरी मागेपुढे करा. हॉर्न अर्ध्यावर आणतो, तुम्ही बाकी—"

"नको. पूर्ण जोरात. लिहिलंय तसं."

संचालकांनी खांदे उडवले आणि तिसऱ्या भागाचं पान उघडलं. वयस्क ट्रम्पेटवाला शेजाऱ्याला म्हणाला, "चला, बाईंनी सांगितलंय, हात राखू नका," आणि त्यांनी राखला नाही.

बाई वाकून उभ्या होत्या, एक हात स्टँडवर, डावा कान फ्लूटच्या तोंडापासून वीतभर. मागून अकरा वाद्यांचा आवाज त्यांच्या पाठीवर आदळला, स्टँडवरचा कागद हलला. आणि कानाशी, अगदी जवळून, धून सुरू झाली. आधी श्वास, मग त्यातून स्वर. फ्लूटवालीच्या बोटांखालच्या चाव्यांची टकटकही येत होती. बाईंनी खूण केली होती त्या जागी तिने श्वास घेतला, आणि तो बाईंच्या गालाला लागला. गदारोळ चालूच होता. फ्लूट त्याच्याशी भांडत नव्हता. एकही स्वर हरवला नाही. संगणकात होतं त्याहून तो जरा खरखरीत होता आणि शेवटचा स्वर किंचित खाली उतरला. अडतीस सेकंद झाले. मग पितळी वाद्यं थांबली, व्हायोलिनांनी पुढचं उचललं, आणि रचना आपल्या शेवटाकडे गेली.

बाई सरळ उभ्या राहिल्या. कंबर धरली होती.

"आलं ऐकू?" फ्लूटवालीने वाद्य मांडीवर ठेवत विचारलं.

"आलं. सगळं."

"चांगलंय." तिने कपाळ पुसलं. "मला नाही आलं काहीच. मागून एवढं येतं की आपण वाजवतोय की नाही तेच कळत नाही. नुसती बोटं मोजत होते. बरोबर पडली ना?"

"बरोबर पडली."

"कसं वाटतं हो? सगळ्यांबरोबर?"

बाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण पुढच्या रचनाकाराची माणसं व्यासपीठावर चढली होती आणि स्टँडवर त्याचे कागद ठेवायला लागली होती. फ्लूटवाली नवा कागद पाहू लागली. बाईंनी आपले बासष्ट कागद गोळा केले. डबल बासच्या एकावर चहाचा गोल डाग पडला होता. वयस्क ट्रम्पेटवाल्याने आपला कागद स्वतः आणून दिला. "खोडलंत, बरं केलंत," एवढंच तो म्हणाला. त्याला काय ऐकू आलं होतं किंवा आलं नव्हतं, हे बाईंनी विचारलं नाही.

संचालक पायऱ्यांशी एक छापील कागद घेऊन उभे होते. प्रत्येक वाचनानंतर समितीसाठी तो भरावा लागतो, आणि रचनाकाराला मान्य आहे म्हणून त्याची सही लागते. त्यांनी वरची नावनिशी आधीच भरली होती. शेऱ्याच्या जागी पेन टेकवून ते थांबले.

"बाई, काय लिहू?"

"जे झालं ते."

त्यांनी सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं: पहिला व दुसरा भाग उत्तम. तिसऱ्या भागात फ्लूट ऐकू येत नाही. रचनाकारास बदल मान्य नाही. मैफलीसाठी शिफारस नाही.

बाईंनी ते दोनदा वाचलं. दुसऱ्या वाक्यावर त्यांची नजर जरा रेंगाळली. मग त्यांनी कागदांचा गठ्ठा पायरीवर ठेवला, संचालकांच्या हातातून पेन घेतलं आणि खाली सही केली.